पाहिलेले कोल्हापूर जपायचे कसे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेले आणि १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून खुले झालेले हे नाट्यगृह काही तासांत कोळसा झाले. शहर रडले आणि लगेच एकच मागणी पुढे आली: नाट्यगृह पूर्वीसारखेच उभे करा.

पण पूर्वीचे नाट्यगृह नेमके कसे होते? छताची लाकडी बांधणी, रंगमंचाची खोली, कमानीवरची नक्षी हे सगळे रसिकांच्या आठवणीत असते. सुताराला आणि वास्तुविशारदाला मात्र नकाशे, मोजमापे आणि छायाचित्रे लागतात. जळालेली वास्तू तिच्या चित्रांच्या आधाराने पुन्हा उभी राहू शकते. चित्रेच नसतील तर नवीन वास्तू जुन्या नावाने उभी राहते, एवढेच. म्हणून या शहराच्या दृश्य-इतिहासाकडे आज आस्थेने पाहायला हवे.

हाताने घडवलेला पडदा

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. त्यांच्या कामामुळे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. सिनेमाने दोघांना झपाटले, पण कॅमेरा परदेशातून आणण्याएवढा पैसा नव्हता, म्हणून तो इथेच बनवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा मानस्तंभ त्याचीच आठवण आहे.

गायिका तानीबाई कागलकरांनी आर्थिक बळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' आला, त्यातल्या कीचकवधाच्या दृश्याला सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले. 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले. 'सावकारी पाश'मध्ये कर्जात पिचलेला शेतकरी पडद्यावर आला. ती भूमिका व्ही. शांतारामांची होती. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेमा-पोस्टरांत गणले जाते. याच कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींना सोबत घेऊन १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू केली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला, तोही इथेच घडला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली.

आग, भंगार आणि महापूर

एवढ्या निर्मितीतले हाती काय उरले? बाबूरावांचा 'सैरंध्री' आज कोणालाच पाहता येत नाही. मूक 'सावकारी पाश'ही गेला. 'सती सावित्री' आणि 'मुरलीवाला' या १९२७ च्या मूकपटांचे काही तुकडे तेवढे वाचले.

याला कारणे आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. सडत चाललेली नायट्रेट फिल्म चाळीस अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही आपोआप पेट घेऊ शकते. चित्रपट चालून संपला की रिळे अडगळ ठरत, मग त्यांच्यावरच्या थरातली चांदी काढण्यासाठी ती भंगारात जात. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ जळाला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, पण तोपर्यंत मूकपटांचे युग बरेचसे नाहीसे झाले होते. तिथल्या संग्रहातल्या नायट्रेट रिळांनाही २००३ मध्ये आगीने गाठलेच.

कोल्हापुरात आगीइतकेच भय पाण्याचे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरातल्या घराघरांत शिरले. अशा वेळी माणसे जीव, जनावरे, कागदपत्रे वाचवतात. अल्बम मागे राहतो, आणि त्यात वावगे काही नाही. म्हणूनच ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे तोच फोटो सुरक्षित.

वाळवंटातल्या शहराचा धडा

जुने जपण्याची जाण अगदी नव्या शहरालाही येऊ शकते. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात लास व्हेगास वसले १९०५ मध्ये, म्हणजे बाबूराव पेंटर सुमारे पंधरा वर्षांचे असताना. १९३१ मध्ये तिथे जुगार कायदेशीर झाला आणि कॅसिनोंची रांग लागली. जुने पाडून नवे बांधणे हा त्या शहराचा स्वभाव आहे. १९९३ मध्ये 'ड्यून्स' हॉटेल सुरुंग लावून पाडले, तेव्हा ते पाहायला गर्दी लोटली होती. तरीही १९९६ मध्ये तिथे निऑन संग्रहालयाची स्थापना झाली. उतरवलेल्या प्रचंड पाट्या गोळा झाल्या, काही पुन्हा उजळवल्या गेल्या. तिथल्या विद्यापीठाने हॉटेलांचे आराखडे, छायाचित्रे, जाहिराती सांभाळल्या. कालची दुकानाची पाटी हीसुद्धा इतिहास असते, ती प्राचीन होईपर्यंत वाट पाहायची नसते, हे त्या शहराने ओळखले.

आपल्याकडे जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीची बातमी आली तेव्हा, २०२२ मध्ये, कलावंत उपोषणाला बसले. वास्तूसाठीची ही तळमळ कौतुकाची आहे. तेवढीच तळमळ स्टुडिओतल्या स्थिरचित्रांसाठी, पोस्टरांसाठी, सेटच्या आराखड्यांसाठी दाखवली पाहिजे.

घरच्या ट्रंकेपासून सुरुवात

या शहराची अगणित छायाचित्रे पेठांमधल्या घरांत आहेत. कुणाचे आजोबा स्टुडिओत सुतार होते, कुणाच्या आजी जमावाच्या दृश्यात उभ्या राहिल्या. फोटोतली माणसे ओळखणारी पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. नाव, ठिकाण, साल यांविना वाचलेला फोटो अर्धा मुकाच असतो. म्हणून आधी ज्येष्ठांसमोर फोटो ठेवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने नव्हे. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन टाळावे. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. काचेच्या निगेटिव्ह उभ्या ठेवाव्यात. फितीला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ती खराब होत आहे असे समजावे आणि इतरांपासून वेगळी करावी. फार जुनी रिळे घरात न ठेवता पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. पुरात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत; स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करून चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत.

दान देण्याची परंपराही आपल्याकडे आहे. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतले आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले, आज तिथे कलासंग्रहालय आहे. टाउन हॉलचे संग्रहालय, पुराभिलेखागार, शिवाजी विद्यापीठ या संस्थाही शहरात आहेत. कोणाकडे काय आहे याची एक सामाईक सूची त्यांनी मिळून करावी, नागरिकांनी मूळ फोटो स्वतःकडेच ठेवून फक्त प्रती द्याव्यात. या कामाला मोठी इमारत लागत नाही. एक स्कॅनर, प्रशिक्षित चार माणसे आणि दरवर्षीचा ठरावीक निधी एवढ्यावर ते सुरू होते. ज्या शहराने परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या शहराला हे अशक्य नाही. आणि ते काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणारही नाही.