स्वयंपाकघरातील साक्ष : 'कोझी' रहस्यकथेतील पाककुशल शोधक

प्रास्ताविक

रहस्यकथा या वाङ्मयप्रकाराकडे मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने वाचकांच्या दोन पिढ्या जागविल्या. तथापि त्या कथा ग्रंथालयाच्या कपाटात आणि रेल्वेच्या डब्यात राहिल्या, अभ्यासक्रमात आल्या नाहीत. इंग्रजीत परिस्थिती थोडी निराळी आहे. तेथे रहस्यकथेच्या पोटप्रकारांचाही अभ्यास होतो आणि त्यांपैकी 'कोझी' या नावाने ओळखला जाणारा पोटप्रकार प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'कोझी' म्हणजे उबदार, सुखावह. खुनाच्या कथेला हे विशेषण लावणे प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते. परंतु त्यामागे काही संकेत आहेत. गाव लहान असते, माणसे एकमेकांना ओळखत असतात, रक्तपात पडद्याआड घडतो आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसून हौशी असते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही या परंपरेतील ठळक मूर्ती होय. अमेरिकेत 1989 मध्ये 'मॅलिस डोमेस्टिक' हे संमेलन सुरू झाले आणि या परंपरेतील लेखनासाठी तेथे 'अगाथा' पुरस्कार दिले जाऊ लागले.

या कथांतील हौशी शोधक ग्रंथपाल असेल, माळीकाम करणारी असेल, कोणीही असेल. मात्र गेल्या चार दशकांत तिने वारंवार स्वीकारलेला व्यवसाय स्वयंपाकाचा आहे. याचे कारण पाककृतींचे आकर्षण, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माळ्यावर किंवा ग्रंथपालावर खुनाचा आळ येण्यासाठी लेखकाला काही योजना करावी लागते. अन्न शिजविणारीवर तो आपोआप येतो. जेवणानंतर कोणी कोसळला की पहिली नजर स्वयंपाकघराकडे वळते. म्हणून पाककुशल नायिकेचा शोध ही केवळ हौस उरत नाही. तिच्या उदरनिर्वाहाचा आणि तिच्या हातच्या अन्नावर लोकांनी ठेवलेल्या विश्वासाचा तो प्रश्न होतो.

पूर्वपीठिका

ही नायिका एकाएकी अवतरलेली नाही. डोरोथी सेयर्स यांच्या 'स्ट्राँग पॉयझन' (1930) या कादंबरीचा आरंभ न्यायालयात होतो. तेथे न्यायाधीश मृताच्या अखेरच्या जेवणातील एकेक पदार्थ घेऊन तो कोणी कोणी खाल्ला याची छाननी करतात. उरलेले अन्न स्वयंपाकीण आणि मोलकरीण यांनी खाल्लेले असते व त्या सुखरूप असतात. स्वयंपाकघर येथे साक्ष देते. पण शोध घेण्याचा अधिकार लॉर्ड पीटर विम्झी या उमरावाकडेच राहतो.

अगाथा ख्रिस्ती यांच्या '4.50 फ्रॉम पॅडिंग्टन' (1957) मध्ये एक पाऊल पुढे पडते. लूसी आयल्सबॅरो ही ऑक्सफर्डमधून गणितात प्रथम श्रेणी मिळविलेली तरुणी विद्यापीठीय नोकरी न पत्करता घरकाम आणि स्वयंपाक यांचा व्यवसाय निवडते, कारण त्यात कुशल माणसांची टंचाई आहे आणि मोबदला चांगला आहे. (प्राध्यापकवर्गाने या प्रसंगावर किंचित थांबून विचार करावा.) वृद्ध मिस मार्पल तिला रदरफर्ड हॉल येथे कामाला पाठविते. घरातील कोणतेही दार उघडण्यास स्वयंपाकिणीला कारण सांगावे लागत नाही. त्यामुळे दगडी शवपेटीतील प्रेत तिलाच सापडते. पुढे एका रात्रीच्या जेवणानंतर घरातील मंडळी आजारी पडतात आणि आर्सेनिकचे नाव निघते. ते जेवण लूसीने रांधलेले असते. तरीही तर्काचा अखेरचा धागा मिस मार्पलच्याच हाती राहतो.

अमेरिकन लेखक रेक्स स्टाउट यांची 'टू मेनी कुक्स' (1938) ही कादंबरी रूढ अर्थाने कोझी म्हणता येणार नाही. परंतु तिच्याविना हे विवेचन अपुरे राहील. वेस्ट व्हर्जिनियातील एका विश्रामस्थळी जगातील नामांकित बल्लवाचार्य जमले आहेत. तेथे एक परीक्षा योजिली आहे : एकाच सॉसचे नऊ नमुने, प्रत्येकात नऊ मसाल्यांपैकी एक वगळलेला, कोणत्या नमुन्यात काय नाही हे चवीवरून ओळखायचे. परीक्षा चालू असतानाच एका बल्लवाचार्याचा भोसकून खून होतो. चव ही येथे ज्ञानेंद्रियाची कसोटी आहे आणि परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका हाच पुरावा. मात्र रहस्य उलगडण्यास त्या पुरेशा पडत नाहीत. आवश्यक असलेली माहिती तेथील कृष्णवर्णीय स्वयंपाकी आणि वाढप्यांजवळ असते. स्थानिक शेरीफ त्यांना धमकावून काहीही मिळवू शकत नाही. नीरो वुल्फ रात्री त्यांना आपल्या खोलीत बोलावतो, समानतेने वागवितो, आणि अखेर त्यांच्यातील एक विद्यापीठीय विद्यार्थी पुढे येऊन पाहिलेले सांगतो. 1938 च्या अमेरिकेत हे लिहिले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रंथाच्या शेवटी पाककृती जोडलेल्या आहेत. परंतु वुल्फ स्वतः खवय्या आहे, स्वयंपाकी नाही. त्याच्या घरची चूल फ्रिट्झ ब्रेनर सांभाळतो.

खाणारा आणि रांधणारा यांतील हे अंतर व्हर्जिनिया रिच यांच्या 'द कुकिंग स्कूल मर्डर्स' (1982) या कादंबरीत बरेच कमी झाले. पाककलेत निपुण असलेली मिसेस पॉटर ही विधवा तिची नायिका होय.

गोल्डी : व्यवसाय आणि आळ

तथापि या परंपरेचा खरा कस लागला तो डायन मॉट डेव्हिडसन यांच्या 'केटरिंग टू नोबडी' (1990) या कादंबरीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातील ॲस्पन मेडो हे कल्पित गाव. गोल्डी ही घटस्फोटिता समारंभांना जेवण पुरविण्याचा व्यवसाय करून आर्च या मुलाला वाढवीत आहे. मुलाच्या आवडत्या शिक्षिकेचा मृत्यू झाल्यावर अंत्यविधीनंतरच्या चाळीसेक माणसांच्या भोजनाचे काम तिच्याकडे येते. त्या भोजनप्रसंगी तिचा पूर्वाश्रमीचा सासरा, डॉक्टर फ्रिट्झ कॉर्मन, विषबाधेने कोसळतो. आरोग्य खाते उरलेले अन्न जप्त करते आणि धंद्याला कुलूप लागण्याची वेळ येते.

मिस मार्पलने एखादा गुन्हा उलगडला नाही, तर तिच्या विणकामात खंड पडत नाही. गोल्डीने उलगडला नाही, तर पुढच्या महिन्याचा खर्च भागणार नाही. कोझी कथेतील हौशी शोधकावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, पोलीस असताना ही व्यक्ती नाक का खुपसते? डेव्हिडसन यांनी या आक्षेपाला कथानकातच उत्तर दिले आहे. पोलिसांना घाई नाही, तिला आहे.

मराठीतील शब्दांकडे पाहिल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. 'सुगरण' या शब्दात कौतुक आहे, पण मोबदला नाही. 'स्वयंपाकीणबाई' या शब्दात मोबदला आहे, पण मान बेताचाच. 'आचारी' म्हटले की डोळ्यांसमोर लग्नघरातील पुरुष उभा राहतो. गोल्डी या तिन्ही शब्दांच्या मधल्या जागेत उभी आहे. घरी शिकलेली कला तिने बाजारात आणली आहे, आणि बाजारात विश्वास हेच भांडवल असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गोल्डीचा पूर्वपती जॉन रिचर्ड कॉर्मन हा प्रतिष्ठित डॉक्टर आहे आणि तो पत्नीला मारहाण करीत असे. हातोड्याने त्याने तिचा अंगठा तीन ठिकाणी मोडला, हा उल्लेख या मालिकेत पुनःपुन्हा येतो. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचा अंगठा! त्याच माणसाची दुसरी घटस्फोटित पत्नी, मार्ला, ही गोल्डीची जिवलग मैत्रीण होते. 'डबल शॉट' (2004) मध्ये या जॉन रिचर्डचाच खून होतो आणि संशय पुन्हा गोल्डीवर येतो. चॉकलेट आणि बिस्किटांच्या सुगंधाने भरलेल्या या मालिकेच्या तळाशी असे घर आहे. 'कोझी' या विशेषणाने हा प्रकार निरुपद्रवी ठरविणाऱ्या समीक्षकांनी ही पृष्ठे कदाचित पाककृती समजून ओलांडली असावीत.

पाककृतीचे प्रयोजन

पाककृती ही कथेतील केवळ सजावट आहे काय? जोॲन फ्लूक यांच्या 'चॉकलेट चिप कुकी मर्डर' (2000) पासून सुरू झालेल्या मालिकेत हॅना स्वेन्सन ही मिनेसोटातील बेकरीची मालकीण नायिका आहे. तेथे पाककृती विपुल आहेत, पण रहस्याशी त्यांचे नाते सैल वाटते. त्या गाळल्या तरी कथेला बाध येणार नाही. उलट गोल्डीच्या बाबतीत पाककृती हे एक प्रकारचे प्रतिज्ञापत्र ठरते. मी यात काय घातले, किती घातले, किती वेळ शिजविले, हे सर्व वाचकापुढे उघड केलेले असते. रहस्यकथेचा जुना नियम असा की, शोधकाजवळचे सर्व दुवे वाचकालाही मिळाले पाहिजेत. साहित्याची यादी हा त्या नियमाचा स्वयंपाकघरातील अवतार होय. खुनी आपले प्रमाण लपवितो, स्वयंपाकीण ते छापते.

चवीवरून माणूस ओळखण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंतीला बाहुक नावाच्या सारथ्याविषयी संशय येतो. ती केशिनी या दासीला त्याच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास धाडते, त्याने शिजविलेले मांस मागवून घेते, स्वतः चाखते आणि हा नलच आहे अशी तिची खात्री पटते. पाळत, नमुना आणि चाचणी अशी ही रीतसर तपासणी आहे. 'नलपाक' हा शब्द आपण आजही वापरतो. दमयंतीच्या जिभेचे स्मरण मात्र कोणी ठेवीत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील सॅली अँड्र्यू यांच्या 'रेसिपीज फॉर लव्ह अँड मर्डर' (2015) या कादंबरीने पाककृतीला आणखी एक काम दिले. क्लाइन कारू या रुक्ष प्रदेशातील एका छोट्या वृत्तपत्रात तान्नी मारिया ही प्रौढ विधवा पाककृतींचे सदर लिहीत असते. 'तान्नी' म्हणजे आफ्रिकान्स भाषेतील मावशी किंवा काकू. वाचकांना सल्ला देणारे सदर हवे असे ठरल्यावर ती दोन्हींची सांगड घालते : दुःखाला उत्तर म्हणून सल्ल्याबरोबर एक पाककृती. नवऱ्याच्या मारहाणीने त्रस्त झालेल्या एका स्त्रीचे पत्र येते आणि पुढे त्या स्त्रीचा खून होतो. मारियाने स्वतःच्या दिवंगत पतीकडून तेच सोसलेले असल्यामुळे पत्रातील न लिहिलेले शब्द तिला वाचता येतात. येथे मारियावर विषाचा आळ नाही, उदरनिर्वाहाचाही धोका नाही. तिला छळते ते हे की, पत्र आपल्यापर्यंत पोहोचले होते.

डेव्हिडसन यांच्या मालिकेत एकूण सतरा कादंबऱ्या आहेत. सतरावी, 'द होल एंचिलाडा', 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी गोल्डीने जेवण पुरविलेल्या वाढदिवसाच्या समारंभातून निघताना तिची एक मैत्रीण कोसळून मरण पावते. तेवीस वर्षांत गोल्डीने गावाला किती वेळा जेवू घातले आणि किती खून उलगडले, हे गावाला ठाऊक आहे. तरीही लोकांच्या मनात पहिली शंका येते ती जडान्नाचीच.