एकाच तारेवरून आवाज, चित्र व मजकूर

शेळगावसारख्या गावाच्या वाडीवस्तीवर एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, तेव्हा तो चौथीला तासभर गणित शिकवीत बसत नाही. तसे केल्यास पहिलीची मुले पाटी घेऊन ताटकळतात. तो थोडा थोडा वेळ सर्वांकडे वळतो. दूरसंचाराच्या तारेपुढेही हाच प्रश्न होता.

लिखित मजकुरास विलंब चालतो. परंतु त्यातील एक अंकही गळता कामा नये, नाहीतर गुणपत्रकातील ७१ चे ७ होतील. बोलण्याचे उलट. क्षणार्ध गळला तरी कान सांभाळून घेतो. पण शब्द अडखळत आले तर मुलांना धडा कळत नाही. चलच्चित्रास वेळेवर पोहोचावे लागतेच, शिवाय जागाही पुष्कळ लागते.

यावर योजलेली एक पद्धती म्हणजे 'असिंक्रोनस ट्रान्सफर मोड', अर्थात एटीएम. (पैसे देणाऱ्या यंत्राशी हिचे केवळ नामसाम्य आहे.) तीत सर्व माहितीचे ५३ बाइटांचे सारखे तुकडे, म्हणजे सेल, पाडतात. पैकी ४८ बाइट माहिती व ५ बाइट शीर्षक. युरोपीय देशांस माहितीसाठी ३२ बाइट हवे होते, अमेरिकेस ६४. १९८९ च्या सुमारास मध्य काढण्यात आला. टेलिफोनवरील बोलणे सेकंदास ८,००० बाइट होते. ४८ बाइट भरण्यास ६ सहस्रांश सेकंद लागतात. तुकडा मोठा केला तर तो भरेपर्यंत आवाज खोळंबतो. फार लहान केला तर शीर्षकाचाच भार वाढतो.

शीर्षकात पूर्ण पत्ता नसतो, केवळ मार्गाचे क्रमांक असतात. मार्ग आधीच आखलेला असतो. वाटेवरील प्रत्येक स्विच क्रमांक वाचतो, तक्ता पाहतो, पुढील टप्प्याचा क्रमांक घालून सेल योग्य तारेवर सोडतो. आवाजाच्या सेलला अग्रक्रम देता येतो. मजकूर कितीही लांब असला तरी चालू असलेला एक सेल संपेपर्यंतच आवाजास थांबावे लागते.

बी. एस. एन. एल.ने २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. तिच्या मोडेममध्ये ० व ३५ हे आकडे भरावे लागत, ते याच मार्गाचे क्रमांक होत. पुढे मोठ्या जाळ्यांत आयपी व इथरनेट या पद्धतींनी एटीएमची जागा घेतली. प्रकाशतंतूंचा वेग इतका वाढला की मोठा तुकडाही निमिषात निघून जातो. आवाजास आधी वाट देण्याची सोय मात्र तेथेही ठेवलेली आहे.

वर्गात हे दाखविणे सोपे आहे. दारातून एका वेळी एकच मूल जाईल असे ठरवावे. प्रथम 'मजकुरा'ची वीस मुले सलग सोडावीत व 'आवाजा'च्या पाच मुलांस थांबवावे. नंतर दोन्ही रांगांतून आळीपाळीने एकेक मूल सोडावे. आवाजाचे शेवटचे मूल दोन्ही वेळा कितव्या क्रमांकाने बाहेर पडले, ते फळ्यावर लिहावे.