वाढवलेला आराखडा आणि पाण्याचा हिशेब

रेडिओ-नियंत्रित नौकेची प्रतिकृती बांधू पाहणाऱ्या हौशी माणसाच्या हाती बहुधा लहान नौकेचा आराखडा पडतो. आणि मोठ्या तलावावर वाऱ्याच्या लाटांतही डौलाने चालेल अशी नौका त्याला हवी असल्यामुळे, तोच आराखडा झेरॉक्सवर दीडपट वाढवून घेतला म्हणजे निम्मे काम उरकले, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः रेषा दीडपट वाढली की पृष्ठभाग सव्वादोन पट होतो, आणि नौका आपल्या जागेवरून हटवील त्या पाण्याचे वजन सुमारे ३.४ पट होते. ५० सेंटिमीटर लांबीची, १ किलो वजनाची नौका ७५ सेंटिमीटरची केली, तर तीच जलरेषा गाठण्यासाठी ती ३.४ किलोंची व्हावी लागते. पण पूर्वीच्याच जाडीच्या प्लायवूडचा सांगाडा तर सव्वादोन पटच जड झालेला असतो. या फरकात मोठ्या बॅटरीची तजवीज खुशाल करावी, आणि उरलेला भार शिशाच्या रूपाने तळाशी, कण्यालगत बसवावा. तो वर राहिला, तर हीच मुबलकता नौका कलंडण्यास कारण होते.

या प्रमाणशास्त्राचा पाया विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने घातला. १८६७ साली डार्ट नदीवर ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन घडणींच्या ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या प्रतिकृती ओढून त्याने जे निरीक्षण केले, त्यातून वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ठेवला असता लहानमोठ्या नौकांभोवती लाटांची आकृती सारखीच उमटते, हा नियम प्रस्थापित झाला. पुढे १८७२ साली टॉर्की येथे ब्रिटिश नौदलासाठी त्याने प्रयोगकुंडही उभारले. त्या नियमाने आपल्या वाढीव नौकेचा वेग दीडपट नव्हे, तर जेमतेम सव्वापट असावा. त्याहून जोरकस मोटर बसवणारे पुष्कळ आहेत, परंतु फेसाळ पाण्यात नाक वर करून धावणारी मासेमारी नौका मला तरी विद्रूप वाटते.

आराखड्यातील सर्वच गोष्टी वाढवून चालत नाही. मूळच्या ३ मिलिमीटर खाचा कागदावर ४.५ मिलिमीटर होतात, आणि बाजारातले ३ मिलिमीटर प्लायवूड त्यांत सैल डुलते. म्हणून फासळ्यांची बाह्यरेषा घेऊन खाचा मात्र प्रत्यक्ष लाकडाच्या मापाने नव्याने आखाव्यात. बाहेरील फळ्यांची जाडी फासळीच्या रेषेतून वजा केली आहे की नाही, हेही तपासावे. यंत्र कागद एका दिशेने किंचित अधिक ताणू शकते, यासाठी लांबी व रुंदी या दोहोंवर पट्टी ठेवून ताळा घ्यावा. सर्वो, दांडा, पंखा ही सामग्री बाजारातल्या ठरीव मापांतच मिळते. तेव्हा ती आधी विकत घ्यावी आणि तिच्यासाठी जागा मागाहून आखावी. रिसीव्हरची तार जलरेषेच्या वर ठेवण्यात कसूर होऊ नये, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात पाहता पाहता विरतात.