बोर्ड सुरूच होत नाही? फेकण्याआधी पडद्यावरचे आकडे वाचा

सांगलीचं वालचंद असो की कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आपल्या समाजातली मुलं-मुली आता तिथे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर शिकत आहेत. प्रोजेक्टचा बोर्ड सुरू होताना अडकला, पडद्यावर आकड्यांच्या ओळी आल्या, की अनेकजण म्हणतात, "बोर्ड जळाला, नवीन मागवा." भुर्दंड अब्बांना! खरं तर आकडे छापण्याइतका प्रोसेसर चालू आहे, म्हणजे दोष बहुधा सॉफ्टवेअरचा.

वीज मिळाली की ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी बूटलोडर चालतो. 'यू-बूट' हा असाच एक मोफत बूटलोडर, तो अनेक राउटरमध्येही असतो. तो मध्येच कोसळला तर प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती सिरियल केबलवरून लॅपटॉपवर छापतो. यालाच क्रॅश डंप म्हणतात.

काय वाचायचं?

६४ बिटच्या आर्म प्रोसेसरवर चार नोंदी आधी पाहाव्यात.

- ईएसआर : काय बिघडलं. हेक्समध्ये ९६०००००४ दिसलं, तर वरचे सहा बिट ३७ हा आकडा देतात. अर्थ, मेमरीतला डेटा घेताना अडचण आली. खालचे सहा बिट ४ देतात, म्हणजे त्या पत्त्याची नोंदच नकाशात सापडली नाही.
- एफएआर : तो पत्ता कोणता.
- ईएलआर : त्या वेळी कोणती सूचना चालू होती.
- एलआर : बहुधा, ते फंक्शन कुठून बोलावलं गेलं.

यू-बूट सुरू होताना स्वतःला मेमरीत दुसरीकडे हलवतो. म्हणून ईएलआरमधून ते अंतर वजा करायचं. यू-बूट वजाबाकी केलेला आकडाही छापतो. तो 'ॲडर-टू-लाइन' या साधनाला दिला की फाइल आणि ओळ मिळते. फक्त बोर्डावर आहे त्याच बिल्डची, डीबग माहिती असलेली फाइल हवी. दुसरी घेतली तर उत्तर चुकणार.

घाई नको

कोसळलेली ओळ गुन्हेगार असेलच असं नाही. चुकीचा पत्ता आधीच्या फंक्शननं दिलेला असू शकतो. तिथेच थांबलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी! शहानिशा केल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवू नये, हे आपण घरातच शिकतो. इथेही तेच लागू आहे.

सरावाला बोर्डही लागत नाही. 'क्यूईएमयू' या मोफत सॉफ्टवेअरवर यू-बूट लॅपटॉपवरच चालतो. मुद्दाम चुकीचा पत्ता वाचायला लावा आणि आलेला डंप उलगडून पाहा. खरा बोर्ड अडला, तर बंद करण्याआधी सगळ्या ओळी जपून ठेवा आणि मगच सरांकडे जा.