जत्रेतली शेळी आणि साबणाचे पाणी

अमेरिकेतील बहुतेक राज्यांची वर्षातून एकदा मोठी जत्रा भरते. तिला ‘स्टेट फेअर’ म्हणतात. अशी पहिली जत्रा १८४१ साली न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज येथे भरली. शेतकऱ्यांनी आपली उत्तम जनावरे आणि पिके मांडावीत, एकमेकांकडून शिकावे, हा तिचा मूळ हेतू. पुढे पाळणे आले, खाऊची दुकाने आली; पण जनावरे राहिलीच. शहरातली कुटुंबे लहान मुलांना घेऊन हौसेने जातात. कुंपणाच्या आत शिरून शेळ्यामेंढ्यांना हात लावायलाही मिळतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये रॅले येथे नॉर्थ कॅरोलिना राज्याची जत्रा झाली आणि त्यानंतर १०८ जण आजारी पडले. १५ जणांना मूत्रपिंडे निकामी करू शकणारा गंभीर विकार जडला. उगम सापडला तो शेळ्यामेंढ्यांच्या अशाच एका आवारात. आजाराचे कारण होते ‘ई. कोलाय ओ १५७’ हा जिवाणू.

मग त्या शेळ्या आजारी कशा नव्हत्या? हा जिवाणू गाई, शेळ्या, मेंढ्या यांच्या आतड्यांत निमूटपणे राहतो आणि शेणातून, लेंड्यांतून बाहेर पडतो. जनावर अगदी धडधाकट दिसते. माणसाच्या शरीरात मात्र त्याचे विष मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींना चिकटते. रक्तवाहिन्या खराब होतात, तांबड्या पेशी फुटतात, लघवी कमी होते. पाच वर्षांखालील मुलांना हा धोका सर्वाधिक. शंभराहून कमी जिवाणूसुद्धा आजाराला पुरतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा मळही पुरेसा आहे.

रॅले येथील तपासात एक महत्त्वाची गोष्ट कळली. जी मुले तिथे जमिनीवर पडली किंवा बसली, ज्यांचे हात शेणाला लागले, जी अंगठा चोखत होती किंवा ज्यांच्याजवळ चोखणी होती, त्यांना धोका अधिक होता. नुसते हाताला अल्कोहोलयुक्त जेल चोळल्याने संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. मात्र जनावरांपासून आजार होऊ शकतो हे ज्या कुटुंबांना ठाऊक होते, त्यांच्यात आजार कमी होता. माहितीचा असा थेट उपयोग क्वचितच दिसतो! पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, त्या राज्याने अशा प्रदर्शनांसाठी परवान्याचा कायदा केला.

जेल कमी का पडते? हातावर मळाचा आणि तेलकटपणाचा थर असला, की अल्कोहोल खालच्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे चोळताना मळ सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जिवाणूही जातात.

हे वर्गात दाखवता येईल. तीन मुलांच्या हातांना तेल व हळद लावा. एकाने कोरड्या फडक्याने पुसावे, दुसऱ्याने नुसत्या पाण्याने धुवावे, तिसऱ्याने साबण लावून वीस सेकंद चोळून धुवावे. नखांच्या कडा पाहायला विसरू नका.

आपल्याकडेही मुलांना कृषी प्रदर्शनाला, गोठ्याला भेट द्यायला आपण नेतो. ते थांबवू नये, असे आम्हाला वाटते. गोठ्यात खाणेपिणे नको, धाकट्यांवर लक्ष हवे आणि बाहेर पडताच डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवायला हवेत. सहलीच्या यादीत साबण आणि पाण्याचा कॅन सर्वांत वर लिहावा.