शाळा सुटल्यानंतरची शाळा : मुलांचे कलाशिक्षण आणि गावाचा वाटा

प्रास्ताविक

लोककलांचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच सिद्ध कलावंताकडे जाते. तो कोठे आणि कोणाच्या आधाराने घडला, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शाळा सुटल्यानंतर मुलांना गायन, वादन, नाट्य, चित्रकला यांचे शिक्षण मिळावे आणि त्याचा भार गावानेही उचलावा, असे का म्हणावयाचे, ते आपण पाहू.

संध्याकाळचा प्रश्न

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास, परततात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, तर काही आजी-आजोबांजवळ गावात राहतात. मागे राहणाऱ्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिचा हेतू निवारा, जेवण आणि शिक्षण यांची सोय हा आहे. परंतु शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळेचे काय? एरवी घरातील बोलणे, रागावणे, गोष्टी सांगणे यांनी भरलेला हा वेळ हंगामात रिता होतो. मुलाला त्या वेळी अन्नाइतकीच सोबतीची आणि कोणीतरी आपले ऐकण्याची गरज असते.

भाषेच्या अंगाने

कलाशिक्षणाचा भाषेशी निकटचा संबंध आहे. घरी मराठवाडी बोली बोलणाऱ्या मुलास वर्गात प्रमाणभाषेत उत्तर द्यावे लागते. चुकण्याच्या भीतीने ते अनेकदा गप्पच राहते. नाट्यात मात्र त्याच्या बोलीला जागा असते. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी नाना पात्रे येतात आणि प्रत्येकाच्या बोलण्याची ढब निराळी असते. असे भारूड सादर करणारे मूल कोणापुढे कसे बोलावे हे करून शिकते. पाठांतराने शब्दसंग्रह वाढतो, तालाने उच्चार व श्वास यांवर ताबा येतो आणि समूहात गाताना दुसऱ्याचे ऐकण्याची सवय लागते. बोली न सोडता प्रमाणभाषा आत्मसात करण्याचा हा एक सहज मार्ग आहे.

गावाला ठाऊक असलेली वाट

अशा शिक्षणाला सामुदायिक आधार देणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गावात हरिनाम सप्ताह होतो, तेव्हा कोणी वर्गणी देतो, कोणी धान्य देतो, कोणी पंगतीला वाढतो, तर कोणी विणेचा पहारा सांभाळतो. त्याच मांडवात लहान मूल टाळ हाती घेऊन मोठ्यांच्या शेजारी उभे राहते आणि ऐकत ऐकत शिकते. पखवाज हे या भजन-कीर्तनाच्या परंपरेतील प्रमुख वाद्य. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर हे याच वाद्याचे थोर वादक. त्यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांचे पुत्र उद्धवबापू यांनी ही परंपरा पुढे चालविली. कलेला मानणारे गाव भोवती असले, म्हणजे अशी परंपरा टिकते.

या वाटेला मर्यादाही आहेत. सप्ताह सात दिवसांचा असतो. शिकण्याला मात्र वर्षभराचे सातत्य लागते. शिवाय पखवाजासमोर बहुधा मुलगेच बसतात, मुली दूर राहतात. म्हणून सप्ताहातील सहकार्य नित्याच्या वर्गात उतरले पाहिजे आणि त्या वर्गात मुलींना बरोबरीचे स्थान असले पाहिजे.

एक आक्षेप

‘आधी पोट, मग कला’ असे म्हटले जाते. कष्टकऱ्यांच्या तोंडी हे शब्द आले, तर ते खोटे म्हणता येत नाहीत. पण त्याच कारणाने हा खर्च एकट्या पालकावर टाकता येत नाही. दहावीच्या परीक्षेत चित्रकला, शास्त्रीय कला व लोककला यांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. शहरातील मूल शुल्क भरून शिकते आणि ते गुण मिळवते. गावात शिकविणाराच नसेल, तर तरतूद असूनही ऊसतोड मजुराच्या मुलीला तिचा लाभ होत नाही. व्हेनेझुएला या देशात होझे अंतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ साली ‘एल सिस्टेमा’ ही चळवळ सुरू केली. तिच्यातून गरीब वस्त्यांतील असंख्य मुलांना शाळेनंतर वाद्यवृंदात विनाशुल्क शिकण्याची सोय झाली. आपल्याला तेवढ्या साधनांचीही गरज नाही. शाळेची एक खोली, भजनी मंडळाची वाद्ये, एक जाणता कलावंत आणि त्याला नियमित मानधन एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मानधन आवश्यक आहे. केवळ उत्साहावर चाललेले वर्ग फार काळ टिकत नाहीत.

सारांश

शाळेनंतरचे कलाशिक्षण मुलाला सोबत, भाषा आणि संधी देते. आईवडील फडावर असताना त्यांच्या मुलांची संध्याकाळ सांभाळणे ही गावाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याची रीत सप्ताहाच्या रूपाने गावाजवळ आहेच.

स्वाध्याय

१. भारुडाच्या सादरीकरणाचा मुलांच्या भाषाविकासाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. आपल्या गावात कोणत्या कला जाणणाऱ्या व्यक्ती आहेत, मुलांना शिकविण्यासाठी कोणती जागा व वाद्ये उपलब्ध आहेत आणि मानधनाची तजवीज कशी करता येईल, याची नोंद करून दोन पृष्ठांचा आराखडा तयार करा.