जूनचा हिशोब मागितला, आला भलताच!

कर्जत-खालापुरात पाऊस सुरू झाला की दुकानाचं गणितच बदलतं. शेतकऱ्याला ताडपत्री हवी, शनिवार-रविवारी धबधब्यावर येणाऱ्या मुंबईकराला रेनकोट. मग माल किती भरायचा? मागच्या जूनची विक्री बघून. आणि इथेच तारीख दगा देते.

गुगल शीटमध्ये आपण ५ जून म्हणून ०५/०६/२०२५ टाकतो. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ते वाचतं ६ मे. १३/०६ टाकलं तर? तेरावा महिनाच नाही, म्हणून ती नोंद तारीख न राहता नुसता मजकूर होते. आता समइफ्स लावून जूनची बेरीज मागा. १३ ते ३० तारखेची विक्री गायब! आणि जी दिसते ती कुठली? दर महिन्याच्या ६ तारखेची. कारण ०६/०१, ०६/०२ अशा सगळ्या नोंदी शीटने जूनच्या धरल्या. एरर येत नाही, आकडा येतो, म्हणून तर जास्त धोका. त्या आकड्यावर ऑर्डर दिलीत तर भर पावसात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

ओळखायचं कसं? रकान्याची मांडणी तुम्ही बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. फाईलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल इंडिया करा. जुन्या नोंदी मात्र त्याने सुधारत नाहीत, त्या बसून दुरुस्त कराव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

क्वेरी फॉर्म्युला वापरत असाल तर आधी डेट हा शब्द, मग एकेरी अवतरणात वर्ष-महिना-दिवस: २०२५-०६-०५ (टाइप करताना आकडे इंग्रजी). हा क्रम १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातला आहे.

कोणाकडून बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेताय? त्याला दोन गोष्टी विचाराच. तारीख क्वेरीच्या वाक्यात जोडतोस की पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवतोस? वेगळीच हवी. आणि महिनाअखेर कशी पकडतोस? नोंदीत वेळही असेल आणि अट '३१ ऑगस्टपर्यंत' अशी असेल, तर कॉम्प्युटर ३१ तारीख सुरू होते तिथेच थांबतो, दिवसभराची विक्री सुटते. अट '१ सप्टेंबरच्या आधी' अशी हवी. २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला रविवार होता. त्या दिवसाचा गल्ला तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का, आजच उघडून बघा.